थारची उंची, खिशाची खोली

तुम्ही सिग्नलला उभे आहात. शेजारी एक काळीकुट्ट थार येऊन थांबते. तिचं चाक जवळजवळ तुमच्या गाडीच्या हँडलपर्यंत आलेलं, टायरवर विटेएवढाले खाचे, आणि आतला बाबा तुमच्याकडे बघतो तो थेट वरून खाली. सिग्नल सुटतो, टायर 'घूं' असा आवाज करत निघून जातात, आणि तुमच्या मनात दोन प्रश्न उरतात. एक, हा गडी रोज बाणेरहून हिंजवडीलाच जातो ना? आणि दोन (हा प्रश्न आपण कुणाला सांगत नाही), आपल्याला हे केवढ्याला पडेल?

माझ्या मावसभावाने दुसरा प्रश्न सरळ मोठ्याने विचारला. दादा हिंजवडीत एका आयटी कंपनीत, गाडी थार डिझेल फोर बाय फोर, अठरा इंची चाकांची. हप्ते अजून चालू. घर मात्र सांगवीला. थांबा, औंधचा पूल ओलांडला की येते ती सांगवी नव्हे! ही बारामती तालुक्यातली, फलटण रस्त्यावरची सांगवी. पलीकडे नीरा नदी, नदीपार सातारा जिल्हा, आणि चहूकडे ऊस. महिन्यातले दोन विकेंड दादा तिथे असतो, शेतातही जातो. म्हणजे 'ऑफ-रोड' हा शब्द वापरायचा त्याला निदान अधिकार आहे.

त्याची ऑर्डर साधी होती. तेहतीस इंची टायर आणि दोन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट. मी म्हटलं, गॅरेजपासून शेतापर्यंत मी येते बरोबर, लेख होईल. वहिनी म्हणाली, "लेख कर, पण त्याला आधी हिशेब करायला लाव."

हिशेब टायरच्या कडेला छापलेला असतो

थारच्या टायरवर लिहिलंय २५५/६५ आर १८. म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतली रिम १८ इंची. कॅल्क्युलेटर काढा. भिंत झाली साधारण १६६ मिमी, ती वर आणि खाली अशी दोनदा, अधिक रिमचे ४५७. एकूण चाक ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. आता दादाला हवा तो २८५/६५ आर १८ घ्या. तो येतो ८२८ मिमी. बाजारात याला 'तेहतीस' म्हणतात. भरतो साडेबत्तीसच्या जरा वर, पण शर्टाच्या साइजसारखं आहे ते, कोण मोजतंय!

व्यासात वाढ झाली ३९ मिलिमीटरची. पण गाडी वर उचलली जाते ती याच्या निम्मी, कारण अर्धा टायर आसाच्या वर असतो. हातात काय आलं? दोन सेंटिमीटर. पाच टायरांच्या (स्टेपनीही त्याच मापाची लागते, हे बहुतेकांना बिल बघताना आठवतं) लाखावर जाणाऱ्या बिलात दोन सेंटिमीटर.

शिवाय चाक पाच टक्के मोठं झालं की एका फेरीत गाडी पाच टक्के जास्त पुढे जाते. स्पीडोमीटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८४ ला असता. इंजिनला तर सगळे गिअर किंचित लांबल्यासारखे वाटतात, त्यामुळे पिकअप मंदावतो. टायर वजनाने जड, म्हणून ब्रेकला ते थांबवायला जास्त जोर लागतो आणि डिझेलही जास्त जातं. धंद्यातली लोकं म्हणूनच मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नका म्हणतात. दादाचा हट्ट त्याच्या बाहेरचा होता.

लिफ्ट म्हणजे नक्की काय उचलतात?

इथे खरी गंमत आहे, आणि गॅरेजमध्ये ती कुणी आपणहून सांगत नाही.

जुन्या जिप्सीसारख्या गाडीला पुढेमागे सलग अॅक्सल आणि पाट्याच्या स्प्रिंगा असतात. तिथे लिफ्ट करायची म्हणजे पाट्यांचा बाक वाढवायचा, एखादा पाटा जास्त घालायचा, नाहीतर लांब शॅकल लावायचे. बॉडी वर जाते, चाकाच्या कमानीत मोठ्या टायरला जागा होते. पण अॅक्सल जिथे होता तिथेच राहतो! आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग कोणता? अॅक्सलच्या मधला डिफरेन्शियलचा गोळा. तो वर उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. म्हणजे लिफ्टमुळे गाडी उंच दिसते, गोळा दगडावर आपटायचा तो आपटतोच.

२०२० साली आलेल्या थारची रचना वेगळी. मागे सलग अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग, पुढे मात्र दोन्ही चाकं स्वतंत्र. पुढचा डिफरेन्शियल चासीला बांधलेला असतो, त्यामुळे लिफ्ट केली की तो वर जातो खरा. पण तिथून चाकाकडे जाणारे दांडे आता जास्त तिरके उतरतात. त्यांच्या टोकाचे जॉइंट रोज त्या कोनात फिरतात, रबरी बूट फाटतात, आतलं ग्रीस बाहेर आणि चिखल आत. चाकांचे कोन बदलले की स्टिअरिंग सैलसर लागतं. मग लांब शॉकअॅब्सॉर्बर आले, ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना ते बघणं आलं, अलाइनमेंट आली, आणि हेडलाइटही खाली वळवायला हवेत. (हे शेवटचं करा हो प्लीज! समोरून येणाऱ्याचे डोळे आहेत ते.)

आम्ही गेलो त्या गॅरेजमध्ये स्वस्तातला पर्यायही होता. स्प्रिंगखाली एक जाड चकती, 'स्पेसर'. दोन तासांत काम. स्प्रिंग तीच, शॉक तेच. मी विचारलं, मग चाक खाली लटकलं तर शॉकची लांबी पुरेल का? मालक हसले. "मॅडम, कुठं एवढं लटकवताय? शोरूम लुकसाठी करतात लोकं." कायद्याचं विचारलं तर म्हणाले, "आरटीओ काय मोजपट्टी घेऊन फिरतो का?"

आरटीओ फिरत नसेल, सर्व्हेयर फिरतो

या वाक्यावर बरीच तरुण मंडळी निर्धास्त होतात, म्हणून जरा थांबून सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आणि आरसी बुकाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचा. टायर एक, लिफ्ट दोन, पुढचा लोखंडी बंपर तीन.

पण माझ्या मते दंड ही किरकोळ बाब आहे. खरी भीती विम्याची. मोठा अपघात झाला की गाडी बघायला येतो तो विमा कंपनीचा सर्व्हेयर, आणि त्याच्याकडे मोजपट्टी असतेच. न कळवलेला बदल सापडला की क्लेमचं घोंगडं भिजत पडतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान एक वेळ सोसता येईल. समोरच्या माणसाला काही झालं आणि ती भरपाई तुमच्या डोक्यावर आली, तर उसाचं बिल कितीही येवो, पुरायचं नाही.

दादा हे सगळं ऐकून म्हणाला, "ठीक. पण शेतातला चिखल कायदा वाचत नाही ना?" मुद्दा बिनतोड होता. म्हणून आम्ही सांगवीला गेलो.

चाकोरी म्हणजे काय, ते बघायचं असेल तर

सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती, तिथून फलटण रस्ता. ऑगस्टचा शनिवार, आदल्या रात्री पाऊस झालेला. दादाचा एक मित्र नदीपलीकडून, फलटणहून आपली जिप्सी घेऊन आला. तिचं काम आधीच झालेलं. जास्तीचा पाटा, लांब शॅकल, आणि मूळच्या २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ चे मड-टेरेन टायर. आकडेमोड केलीत तर साडेसव्वीस इंचांहून किंचित कमी असलेलं चाक जवळपास एकोणतीस इंचांचं. एकीकडे कंपनीतून आली तशी थार, दुसरीकडे उचललेली जिप्सी. परीक्षेला याहून चांगली जोडी कुठे मिळणार!

पाणंद उसाच्या दोन शेतांमधून जाते. गाळप हंगामात इथून माळेगाव कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जातात, एकामागे एक दोन-दोन ट्रॉल्या जोडून. त्यांच्या चाकांनी मातीत दोन खोल चर पाडलेत आणि मध्ये उंच वरंबा उरलाय. 'चाकोरी' हा शब्द आपण ऑफिसातल्या नोकरीसाठी वापरतो. खरी चाकोरी ही अशी असते, पायाखाली घेतली की गुडघ्यापर्यंत येणारी.

थार आत शिरली. नव्वद-शंभर पावलं मस्त गेली आणि मग मागून एक 'खर्रर्र' आवाज आला. चाकं चरात, मागचा गोळा वरंब्यावर. फोर लो टाकून दादाने ती रेटली, पण वरंब्यावर नांगरल्यासारखी रेघ उमटली. जिप्सी मात्र त्याच जागेवरून अलगद गेली. मित्राने मिशीवरून हात फिरवला. मोठ्या टायरचे तीन-सव्वातीन सेंटिमीटर तिथे खरंच कामाला आले, हे मान्य करायलाच हवं.

पुढे वळणावर शेतातलं पाणी पाणंदीत उतरलं होतं. काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते, आणि चाकाला लागली की सुटत नाही. दहा-पंधरा फुटांत जिप्सीच्या त्या विटेएवढ्या खाचा पार भरून गेल्या. चार काळे गुळगुळीत रूळ फिरताहेत असं दिसायला लागलं. मित्राने गॅस दिला, चाकं गरगरली, चिखल आमच्या अंगावर उडाला, आणि गाडी आडव्या पाट्यापर्यंत खाली बसली. लिफ्ट, टायर, सगळ्यासकट.

बांधावर उभे असलेले काका, म्हणजे दादाचे वडील, इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "वाफसा न्हाई, तर गाडी कशाला घालायची? आम्ही बैलसुद्धा घालत न्हाई."

शहरातल्यांसाठी, वाफसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन ना ओली चिकट ना कोरडी कडक, कामाला योग्य अशी होते ती अवस्था. ऑफ-रोडिंगच्या कुठल्याही परदेशी मासिकात हा शब्द नसेल, पण सगळ्या लिफ्ट किटपेक्षा हा जास्त उपयोगाचा आहे.

जिप्सी काढायला शेजारच्या मळ्यातून ट्रॅक्टर आला. त्याची मागची चाकं बघा एकदा. तिरप्या उंच काकऱ्या, दोन काकऱ्यांमध्ये चांगली वीतभर जागा, म्हणून चिखल अडकून राहत नाही. हवा कारच्या टायरच्या निम्मी. वर वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं. साखळी लावली, एका झटक्यात जिप्सी बाहेर! ट्रॅक्टरवरच्या भाऊंनी थारच्या टायरवर लाथ मारून बघितली आणि दादाला विचारलं, "हवा किती हाय? लय टणक हाय की. कमी करा थोडी." दादाने वीसपर्यंत उतरवली. टायर खाली पसरला, मातीवरचा त्याचा ठसा लांब झाला, आणि तीच थार चराच्या कडेकडेने, चिखलाचा तुकडा टाळून, शेतापर्यंत गेली. खर्च शून्य रुपये. फक्त डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ हवा, कमी हवेवर वेगात पळालात तर टायर तापून फुटेल.

काकांनी मग त्यांच्या लहानपणच्या उसाच्या बैलगाड्यांची गोष्ट सांगितली. लाकडी चाकं जाऊन टायर आले तेव्हा तेवढाच ऊस बैलांना हलका झाला, कारण रुंद टायर मातीत कमी रुततो. म्हणजे 'टायर अपग्रेड' हा प्रकार सांगवीला थारच्या कितीतरी आधी येऊन गेलाय! गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिच्यापासून महिंद्राची जीप आणि शेवटी थार जन्मली, ती ६.००-१६ च्या अगदी बारीक टायरवर जगभर फिरली. तेव्हा रुंद चांगला की बारीक, हे भांडण माती बघून सोडवावं लागतं.

डांबरावर आल्यावर

परतताना मी फलटण रस्त्यावर थोडा वेळ जिप्सीत बसले. साठ-सत्तरला स्टिअरिंग सतत इकडून तिकडे हलकं सावरावं लागत होतं, टायरांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. समोर कुत्रं आलं तेव्हा मित्राने गाडी बाजूला घेतली आणि ती आधी कलली, मग वळली. त्या अर्ध्या सेकंदात मी दरवाजाची कडी घट्ट धरली होती.

याचाही हिशेब आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अमेरिकेचं रस्ते सुरक्षा खातं गाडी उलटण्याचा धोका या आकड्यावरून जोखतं. साध्या कारचा आकडा १.३ ते १.५, उंच एसयूव्हींचा १ ते १.३. समजा, एखाद्या गाडीचं चाकांतलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर आहे. आकडा १.०७. तोच गुरुत्वमध्य ६० मिमी वर न्या, ०.९९. पट्टीच्या तळालाही जागा उरली नाही! काही जण चाकं बाहेर काढून अंतर वाढवतात, पण मग चाकांच्या बेअरिंगवर ताण येतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडे उडतात.

थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार स्टार मिळाले. ते मिळाले कंपनीच्या उंचीच्या, कंपनीच्या टायरच्या गाडीला. तिचं घसरण रोखणारं ईएसपीसुद्धा त्याच मापांवर शिकलेलं. आपण उंची बदलली की ते स्टार कितपत आपले राहतात?

ज्यांना खरोखर गाडी उचलायचीच आहे त्यांचा मार्ग वेगळा. २०१४ पासून गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धांत उतरणारे लोक गाडी मुळापासून बदलतात. पिंजरा, विंच, लॉकर सगळं. ती गाडी स्पर्धेसाठी, आणि दूध आणायला दुसरी. मला हा प्रामाणिक शौक वाटतो. एकाच गाडीने जंगलही मारायचं आणि मुलीला प्लेग्रुपलाही सोडायचं, तिथे घोळ होतो.

आजीची उंची

रात्री जेवताना आजीने विषय संपवला. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पंधरवड्यातून एकदा बारामतीला दाखवायला न्यावं लागतं आणि घरात दुसरी गाडी नाही. आत्ताच ती अंगणात प्लॅस्टिकचा स्टूल ठेवून थारमध्ये चढते, मागून वहिनी धरते. दादाने हाताने दाखवलं, आजी, एवढीच वर जाणार, चार बोटं. आजीने ती चार बोटं बघितली आणि विचारलं, "मग मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेणार का?"

वहिनीने भाजी वाढत फक्त एवढं म्हटलं की मागच्या सीटवर तीन वर्षांची पोरगी असते.

शेवटी ठरलं ते असं. मूळ मापाचेच, २५५/६५ आर १८ चे ऑल-टेरेन टायर, तेही जुने झिजल्यावर. खोबणी थोडी खोल, बाजूची भिंत मजबूत, आरसीला आणि विम्याला काही सांगावं लागत नाही. एक बऱ्यापैकी कॉम्प्रेसर, एक ओढायचा पट्टा, डी-शॅकल, आणि इगतपुरीसारख्या ठिकाणी एखादं ऑफ-रोड ट्रेनिंग, कारण फोर लो कधी टाकायचा हे दादाला अजून यूट्यूबच सांगतं. गोळ्याला घासणाऱ्या वरंब्याचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. त्यावर काकांनी पाणंदीला लागून असलेल्या चार शेतकऱ्यांना फोन लावले. हंगाम सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी मिळून मुरूम टाकायचा, वळणावर एक नळी घालून पाणी बाजूला काढायचं. दादाच्या वाट्याला तीन ट्रॉल्या आल्या. लिफ्ट किटच्या पैशांतून त्या भागल्या, वर थोडे उरले.

फलटणचा मित्र अजून त्याला रोज नवनवीन लिफ्ट किटचे फोटो पाठवतो. दादा ते बघतो, आणि वहिनी आली की स्क्रीन बंद करतो.